मुलांना संग्रहालयात नेताना

दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून सहलीची धांदल सुरू होते. पालकांची संमतीपत्रं, शिक्षण कार्यालयाची परवानगी, एस.टी.चा प्रासंगिक करार, आणि पत्रकात एक ठरलेली ओळ: ‘ऐतिहासिक स्थळांना भेट’. त्या ओळीखाली दोन दिवसांत सहा-सात ठिकाणं बसवलेली असतात. मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते आणि गेली कित्येक वर्षं मुलांना घेऊन पुणे, नगर, कोल्हापूर, मुंबई करत आले आहे. या भेटींचं मोल मला फार वाटतं. खेड्यातल्या पुष्कळ मुलांसाठी संग्रहालयाची ही पहिली भेट असते आणि काहींसाठी शेवटचीही. म्हणून ती वाया जाताना पाहवत नाही. जे हाती लागलं ते नव्याने नोकरीला लागलेल्या शिक्षकांसाठी लिहिते आहे.

१. ठिकाणं कमी करा.

पालकांना वाटतं, एवढे पैसे भरलेत तर पोरांना सगळं दाखवा. शाळेला वाटतं, गाडी पुण्यापर्यंत जातेच आहे तर शनिवारवाडा होऊ दे, सारसबागही होऊ दे. तिसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत मुलं नुसती एकमेकांच्या पाठीमागून चालत असतात. मी दिवसाला एक संग्रहालय आणि एक स्मारक एवढंच धरते. सकाळी संग्रहालय, मग डबे, मग स्मारक. हा क्रम उलटा करत नाही, कारण स्मारकातून बाहेर पडलेल्या मुलांना बोलायचं असतं आणि त्यांना लगेच दुसऱ्या रांगेत उभं करणं बरोबर नाही. कमी ठिकाणं का, हे पालकसभेत एकदा नीट सांगितलं की पालक ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

२. आधी आपण एकटं जाऊन यावं.

साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी, मुलींसाठी स्वच्छतागृह कुठे, डबे खायला सावली आहे का, दप्तरं आत नेऊ देतात का, लष्करी हद्दीत शिरायला ओळखपत्रं लागतात का. हे सगळं आधी बघून ठेवलं की त्या दिवशी आपलं लक्ष मुलांकडे राहतं. शिवाय एकटं हिंडताना आपल्यालाही एखादी वस्तू भेटते. ज्या वस्तूसमोर आपण स्वतः दहा मिनिटं रेंगाळलो, तिच्याबद्दल मुलांना सांगताना आवाज आपोआप बदलतो.

३. प्रत्येक मुलाला एकच वस्तू द्या.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वीस हजारांच्या घरात वस्तू आहेत. दिवे, कुलपं, अडकित्ते, दौती, वाद्यं, सोंगट्यांचे पट, कोथरूडहून आणून उभारलेला मस्तानी महाल. हे सगळं मुलांना ‘दाखवणं’ शक्यच नाही. मी एस.टी.त चिठ्ठ्या वाटते. एकेका चिठ्ठीत एकेक काम: ‘असं कुलूप शोध की जे बघून कुलूप वाटणार नाही.’ ‘असा दिवा शोध जो टांगायचा आहे. तेल कुठून घालत असतील?’ ‘पाय घासायची वस्तू शोध. हातात धरायची बाजू कशी केली आहे?’

पाय घासायच्या वस्तूची चिठ्ठी एकदा वर्गात सहसा तोंड न उघडणाऱ्या एका मुलाला आली. वज्रीच्या कपाटापाशी तो बराच वेळ उभा राहिला. त्या वज्र्यांना खालून खरखरीत बूड आणि वरच्या अंगाला पक्षी, प्राणी, माणसं घडवलेली. मग म्हणाला, ‘‘बाई, ही आमच्या आज्जीकडं हाय. पण तिची साधी हाय, वर काय न्हाई.’’ मी विचारलं, ‘‘मग ह्यांच्यावर का असेल?’’ तो म्हणाला, ‘‘ज्यानं केली त्याला बरं वाटलं असंल.’’ कारागिराबद्दल याहून नेमकं मी त्याला काही सांगू शकले नसते. त्याच्याभोवती मुलं जमली आणि आजीच्या वज्रीचं त्याला आणखी विचारू लागली. त्या दिवसानंतर तो वर्गात बोलू लागला.

केळकरांची गोष्ट मात्र मी आत शिरण्याआधी, फाटकाबाहेर सांगते. दिनकर गंगाधर केळकर ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. गावोगाव हिंडून, पदरचे पैसे घालून जमवलेल्या या संग्रहाला त्यांनी त्या मुलाचं नाव दिलं. घरातली अडगळ म्हणून लोक ज्या वस्तू मोडीत घालत होते त्याच त्यांनी वेचल्या. हे ऐकून आत गेलेली मुलं वस्तूंकडे वेगळ्या नजरेनं बघतात. ही जागा कुणीतरी कुणासाठी तरी केली आहे, एवढं त्यांना कळलेलं असतं.

४. फलक उतरवून घेऊ नका, चित्र काढू द्या.

सहलीच्या अहवालासाठी मुलं काचेवर वही टेकवून पाटीवरचा मजकूर उतरवत बसतात आणि त्या पाटीच्या शेजारची वस्तू बघायचीच राहते. चित्र काढायला सांगितलं की बघावंच लागतं. मुठीला किती बोटं मावतील, नक्षी कुठे झिजली आहे, कडी कुठल्या बाजूला आहे. चित्र वाईट आलं तरी हरकत नाही.

५. मोठ्या शहराची वाट बघू नका.

खर्च झेपत नाही म्हणून भेट रद्द करणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत. जवळपास बघा. धाराशिव जिल्ह्यात तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीत सापडणारी मातीची खेळणी, मणी, नाणी हयातभर जमवली आणि त्यातूनच त्यांच्या नावाचं संग्रहालय उभं राहिलं. तेर म्हणजे प्राचीन तगर, रोमन जगाशी व्यापार करणारं शहर. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयाचंही तसंच. १९४५-४६ साली पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर उत्खनन झालं. तिथे मिळालेली समुद्रदेव पोसायडनची काशाची छोटी मूर्ती कोल्हापूरच्या मुलांनी बघितलीच पाहिजे. आपल्या नदीकाठच्या मातीत ग्रीकांचा देव निघतो, हे कळल्यावर मुलं जे प्रश्न विचारतात ते पाठ्यपुस्तकाच्या पानावरून कधी येत नाहीत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून बसमधलं फिरतं संग्रहालय सुरू केलं आहे. ती बस शाळेच्या दारात यावी म्हणून पत्र धाडायला काहीच लागत नाही.

६. युद्धस्मारकात नाव वाचायला शिकवा.

खडकीची युद्धसमाधी पुण्यात राहणाऱ्या बहुतेकांनीही बघितलेली नसते. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ सैनिकांच्या तिथे समाध्या आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात ठिकठिकाणी पुरलेल्या, पण पुढे ज्यांची देखभाल होणं कठीण होतं अशा सैनिकांना तिथे एकत्र आणलं. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग ती जागा सांभाळतो. हिरवळ कापलेली, फुलझाडं ओळीनं, सगळे दगड एका मापाचे. अधिकारी आणि साधा शिपाई यांच्या दगडात फरक नाही, हे मुलांच्या आपणहून ध्यानात येतं.

पहिल्यांदा तिथे शिरलेली मुलं बागेत आल्यासारखी पळतात. पळू द्यावं दोन मिनिटं. मग मी त्यांना एकेका दगडासमोर बसवते. वर पलटणीचं चिन्ह, मग सैनिकाचा क्रमांक, नाव, मृत्यूची तारीख, वय. काही दगडांवर तळाशी घरच्यांनी निवडलेली एक ओळ असते. मी इंग्रजीचा अर्थ लावून देते, त्यापलीकडे काही सांगत नाही. मुलांचं लक्ष वयावर जातं. एकोणीस. वीस. बावीस. ‘‘बाई, माझा दादा एकवीसचा हाय,’’ असं कुणीतरी म्हणतंच.

मग एक प्रश्न दरवेळी येतो आणि तो यायलाच हवा: ‘‘ह्यात आपली माणसं कुठं हायत?’’

त्याचं उत्तर तयारीनं द्यावं लागतं. हिंदू सैनिकांचं दहन झालं, त्यामुळे त्यांची समाधी नाही. त्यांची नावं स्मारकांच्या भिंतींवर शोधायची. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत लढताना गेले. वय बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचं नाव इटलीतल्या कॅसिनोच्या स्मारकावर आहे आणि माणगावात त्यांचा पुतळा आहे. निमजचे नामदेव जाधव घाडग्यांच्याच पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे. त्यांनी १९४५ च्या एप्रिलमध्ये इटलीतच व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला आणि ते परत आले.

याच्या पुढची गोष्ट नववी-दहावीच्या मुलांना सांगावी. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मराठा पलटणी लढल्या. कुतच्या वेढ्यात त्या अडकल्या आणि एप्रिल १९१६ मध्ये तिथल्या फौजेनं शरणागती पत्करली. त्या आघाडीवर गेलेल्या आणि समाधी नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक सैनिकांचं स्मारक बसऱ्याला उभारलं. त्यावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. पण साध्या हिंदी शिपायांचं नाव त्या दगडावर आलं नाही, पलटणीखाली नुसता आकडा आला. खडकीत सगळे दगड सारखे दिसतात आणि बसऱ्यात असं का झालं, हा प्रश्न मी मुलांकडेच सोपवते. एकदा एका मुलीनं ताडकन विचारलं होतं, ‘‘मरताना तर सारखेच मेले ना?’’ तिच्या रागाला मी थोपवलं नाही. इतिहास शिकताना असा राग यायला हवा.

७. रणगाड्यावर चढायची घाई होते, तेव्हा आतल्या माणसांबद्दल बोला.

नगरचं (आता अहिल्यानगर) रणगाडा संग्रहालय मुलांना सगळ्यात जास्त आवडतं. चिलखती दलाने १९९४ साली ते सुरू केलं. पन्नासच्या आसपास रणगाडे आणि चिलखती गाड्या उघड्यावर मांडल्या आहेत. ब्रिटिश, जपानी, जर्मन, आपला विजयंता, रोल्स रॉइसची जुनी चिलखती गाडी आणि १९६५ च्या युद्धात पकडलेला पाकिस्तानचा पॅटन. मुलं नळीखाली उभं राहून फोटो काढतात, कोणता किती टनांचा यावर पैजा लावतात. हा उत्साह चांगला आहे, तो दाबायची गरज नाही.

पण त्या लोखंडात माणसं बसत होती, हे त्यांना आपण सांगायला हवं. निघायच्या आदल्या आठवड्यात मी शाळेच्या मैदानावर खडूनं एक लहान चौकट आखते आणि चौघांना त्यात गुडघे पोटाशी घेऊन बसवते. एकानं हलायचं म्हटलं तर तिघांना हलावं लागतं. मग उन्हात तसंच बसून राहायला सांगते. पाच मिनिटांत कुरकुर सुरू होते. तेव्हा अरुण खेत्रपालांची गोष्ट सांगायची.

सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल पुण्यात जन्मले. १६ डिसेंबर १९७१ ला, शकरगढ भागात बसंतरच्या लढाईत, पूना हॉर्सचा हा एकवीस वर्षांचा अधिकारी आपल्या सेंच्युरियन रणगाड्यात होता. रणगाडा पेटला, बाहेर पडायचा हुकूम आला, तरी तोफ चालते आहे म्हणून तो लढत राहिला आणि तिथेच गेला. त्याच्याबरोबर सवार नंद सिंगही गेले. बाकीचे दोघे वाचले. त्याला मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्याच पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर १९६५ च्या युद्धात, तेही १६ तारखेलाच, सप्टेंबरात गेले होते. त्यांनाही परमवीर चक्र मिळालं होतं.

गोष्ट इथे थांबवू नये. २००१ साली अरुणचे वडील, निवृत्त ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, आपलं जन्मगाव सरगोधा बघायला पाकिस्तानात गेले. लाहोरला ज्यांच्या घरी ते उतरले होते ते निवृत्त ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर. निघायच्या सुमारास यजमानांनी सांगितलं, की त्या दिवशी समोरच्या रणगाड्यात मीच होतो आणि तुमचा मुलगा माझ्या हातून गेला. त्याच्या शौर्याला त्यांनी मानवंदना दिली. ‘शत्रू’ म्हटलं की घोषणा द्यायला लागणारी मुलं ही गोष्ट ऐकून वेगळे प्रश्न विचारतात. वडिलांना राग आला नसेल का? नासेरांनी आधी का नाही सांगितलं? मला त्यांची उत्तरं द्यायची नसतात. ती मुलांनी आपापसात बोलावीत, त्यासाठी एस.टी.त वेळ असतो. गाणी तासभर उशिरा लावली तरी चालतं.

८. हे कोणी उभारलं, कधी, आणि आज इथे कोण येतं, हे तीन प्रश्न प्रत्येक स्मारकासमोर विचारा.

भीमा कोरेगावच्या जयस्तंभाला मुलांना नेऊ नका, वाद होतात, असं मला बऱ्याच जणांनी सुचवलं. मी नेते. एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांच्या घरी या जागेबद्दल वेगवेगळं बोललं जातं, हे मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच ती जागा दोघांनी शिक्षकाबरोबर, एकत्र बघायला हवी. १ जानेवारी १८१८ ला कंपनी सरकारची फौज आणि पेशव्यांची फौज इथे लढली. स्तंभ उभारला कंपनीनं, आपल्या सैनिकांसाठी. त्यावर कोरलेल्या नावांत ‘नाक’ या शेवटाची महार शिपायांची नावं आहेत. मुलं ती एकेक अक्षर लावत वाचतात. पुढे १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे आले. आज लाखो लोक इथे येतात ते कंपनीला मान द्यायला येत नाहीत, आपल्या पूर्वजांच्या पराक्रमाला आणि माणूस म्हणून असलेल्या मानाला नमन करायला येतात. दगड एकानं एका कारणासाठी उभारला आणि लोकांनी त्याला आपला अर्थ दिला, हे नववीतल्या मुलाला नीट समजतं. सांगणाऱ्यानं घाबरून आवाज खाली नेला नाही, एवढंच पथ्य पाळावं लागतं.

९. हसणाऱ्या मुलावर ओरडू नका.

समाधीसमोर एखादं पोर फिदीफिदी हसतं. त्याला मरणाचं काय करावं ते कळत नाही, म्हणून हसू येतं. खांद्यावर हात ठेवून त्याला नावं वाचायचं काम द्यावं.

१०. ज्याच्या घरचं कुणी सैन्यात आहे, त्याच्याकडे आधी जा.

साताऱ्यात हे विसरून चालत नाही. अपशिंगे गावाच्या नावातच ‘मिलिटरी’ आहे. त्या एका गावचे ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले असं सांगतात, आणि आजही तिथे घरटी कुणी ना कुणी फौजेत असतं. माझ्या वर्गात दरवर्षी अशी मुलं असतात ज्यांचे वडील सीमेवर आहेत. स्मारकाच्या भेटीआधी मी त्यांच्या घरी जाऊन येते, आईशी बोलते. काही आया म्हणतात, ‘‘न्या बाई, कळू द्या त्याला बाप काय करतो ते.’’ काही म्हणतात, ‘‘ह्या साली नको.’’ दोन्ही मी मान्य करते. ज्याला यायचं नाही त्याला शाळेत गंमत वाटेल असं दुसरं काम देते, आणि का आला नाहीस असं त्याला कुणी विचारणार नाही याची काळजी घेते. गावातले माजी सैनिक बरोबर आले तर फार उपयोग होतो. हुतात्म्याला वंदन कसं करायचं ते मुलं त्यांचं बघून शिकतात. आणि आघाडीवर जेवण काय असतं, थंडीत बूट कसे वाळवतात, घरचं पत्र कधी यायचं, हे सांगायला त्यांच्यासारखं कुणी नाही.

११. परत आल्यावर निबंध नको, गावातलं काम द्या.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारनं आपल्या भागात अनेक गावांना एक छोटी दगडी पाटी दिली. या गावातून इतकी माणसं युद्धावर गेली, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे, नाव एकाचंही नाही. कुठे ती चावडीच्या भिंतीत आहे, कुठे देवळाच्या ओवरीत, कुठे तिच्यावर निवडणुकीचं पोस्टर चिकटवलेलं असतं. खडकीला जाऊन आलेल्या मुलांना मी ती पाटी शोधायला पाठवते आणि विचारते, ही माणसं कोण होती?

युद्धसमाधी आयोगाच्या नोंदी आता संगणकावर शोधता येतात. हिंदी शिपायांच्या पुष्कळ नोंदींत वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा दिलेला असतो. गावाचं नाव इंग्रज कारकुनानं कानाला पडलं तसं लिहिलेलं, म्हणून पाच-सहा तऱ्हांनी टाकून बघावं लागतं. मुलांना हे काम मनापासून आवडतं. एका गावच्या मुलांनी अशी काही नावं शोधून काढली, मग आडनावांवरून वाड्या पालथ्या घातल्या. एका घरी ट्रंकेत फडक्यात गुंडाळलेलं पदक निघालं. कडेवर बारीक अक्षरांत क्रमांक, नाव, पलटण. घरच्या म्हातारबांना ते पणजोबांचं एवढंच ठाऊक होतं. मुलांनी क्रमांक उतरवून घेतला, नोंदींशी ताडून पाहिला, आणि त्यांचे पणजोबा कोणत्या पलटणीत होते, कुठे आणि कोणत्या तारखेला गेले, ते त्यांना वाचून दाखवलं.

त्या गावच्या ग्रामसभेत मुलांनी अर्ज दिला आहे, की जुन्या पाटीशेजारी नावांची पाटी लावावी. सरपंच अनुकूल आहेत. चार नावं अजून पक्की व्हायची आहेत. दोघांच्या वडिलांचं नाव एकच लागतंय, ते सख्खे भाऊ की दोन वेगळी घरं, हे जुन्या फेरफारावरून बघायला यंदाच्या नववीतल्या मुली तलाठी कार्यालयात खेपा घालताहेत.